चोवीस तासांचं पाणी

छत्रपती संभाजीनगर
सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. नीरजा,

आज सकाळी सहाला उठलो. नळाचा दिवस होता, पण पाणी आलं नाही. आठ वाजता सरूबाई भांडी करून गेल्या. दहाला रेशनकार्डावरून तुझ्या आईचं नाव कमी करण्याचा अर्ज द्यायला गेलो. तिथल्या माणसानं मृत्यूचा दाखला पाहिला आणि एक झेरॉक्स कमी आहे म्हणून परत पाठवलं. दुपारी वरणभात केला. आता पावणेतीन झाले आहेत.

दोनदा फोन हातात घेतला. तू उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरेना, म्हणून लिहितो आहे. लिहिताना निदान खोडता येतं.

कालिंदी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू विशाखापट्टणमहून आलीस. आपलं घर असताना मैत्रिणीकडे, मोनालीकडे सिडकोत उतरलीस. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. चौथ्या दिवशी निघताना दारात चपला घालत म्हणालीस, "बाबा, आईचे मासे आणि झाडं मी मे महिन्यात येऊन नेते. काचेची टाकी राहू द्या. तेवढं सांभाळाल ना?" मी हो म्हणालो. सहा वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट आहे, हे मला नंतर जाणवलं.

तर सगळं ठीक आहे. मासे अकरा आहेत. दोन एंजल आणि नऊ लहान, लाल-निळ्या पट्ट्यांचे. खातात.

काही गोष्टी विचारायच्या होत्या. तुला हे सगळं कळतं असं कालिंदी म्हणायची. रुंद पानांच्या झाडाची पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळताहेत. हात लावला की विरघळतात. हे असंच होतं का? लांब रिबिनीसारखं जे गवत आहे त्यावर हिरवा लेप बसला आहे. तो पुसायचा की तसाच ठेवायचा? दिवा किती तास लावायचा? तो जास्त वेळ लागला तर झाडांना चांगलं की वाईट? आणि झाडं पाण्यात हवा सोडतात हे शाळेत शिकलो होतो, ते चोवीस तास खरं असतं का? काळजीचं काही नाही, माहिती असावी म्हणून विचारतो.

तू कॉलेजात असताना ही टाकी आणलीस तेव्हा त्यात प्लॅस्टिकची झाडं होती. मला ती बरी वाटायची. वर्षातून एकदा धुतली की झालं. तू गेल्यावर कालिंदीनं ती काढली आणि खरी लावली. मी म्हणालो, हा कशाला नसता व्याप? ती म्हणाली, "प्लॅस्टिकला खायला नको, प्यायला नको, बोलायला नको. एक तसं आहे घरात, पुरे झालं."

तब्येतीला जप.

बाबा


गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

चि. नीरजा,

आज सकाळी पाणी आलं, पाऊण तास. दोन्ही ड्रम भरले. नंतर दाढी केली आणि औरंगपुऱ्यात जाऊन आलो. जेवायला उशीर झाला.

तुझा निरोप मोबाइलवर मिळाला. "पानं गळू द्या. मुळं उपटू नका. फोटो पाठवा." त्याप्रमाणे काल फोटो पाठवला आहे. तो नीट आला की नाही कळलं नाही, कारण तू काही लिहिलं नाहीस.

औरंगपुऱ्यात मी सहज चौकशीसाठी गेलो होतो. कालिंदी ज्या दुकानातून खाद्य आणायची ते एका गल्लीत आतल्या बाजूला आहे. संघपाल नावाचा माणूस ते चालवतो. तुझ्याएवढाच असेल. मी नाव सांगितलं तशी त्यानं खुर्ची दिली आणि काकूंचं फार वाईट झालं म्हणाला. त्याला ठाऊक होतं. पेपरात वाचलं म्हणाला. नात्यातल्या किती जणांनी ते वाचलं असेल, सांगता येत नाही.

दिवा किती तास लावता, असं त्यानं विचारलं. मी आठ म्हणालो. मग मोबाइलमध्ये टाकीचा आधीचा एक फोटो होता तो दाखवला. त्यानं तो मोठा करून पाहिला. "काका, हे आठ तासाचं पाणी नाय. हे चोवीस तासवालं पाणी हाय." शेजारी एक गिऱ्हाईक उभं होतं. ते म्हणालं, औरंगाबादेत चोवीस तास पाणी, कुठल्या वॉर्डात राहता हो काका? दोघं हसले. मीही थोडा हसलो.

संघपालनं बरंच सांगितलं. घरी येऊन मी ते कागदावर उतरवायला बसलो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढले, त्यामुळे रेघ मारल्याशिवाय मला काही समजत नाही. मधे रेघ मारली. एका बाजूला खऱ्या झाडांचे फायदे आणि दुसऱ्या बाजूला तोटे. माशांची घाण झाडं खातात, म्हणून पाणी कमी वेळा बदलावं लागतं. हे डावीकडे. पण झाडांचीच पानं कुजली तर पाणी घाण होतं, ते उजवीकडे. माशांना लपायला जागा मिळते, ते डावीकडे. झाडांबरोबर गोगलगायींची अंडी येतात आणि मग त्या आवरत नाहीत, ते उजवीकडे. हवा मी आधी डावीकडे लिहिली, मग उजवीकडेही लिहिली. उजेड तसाच. तो कमी पडला तर झाडं मरतात, जास्त झाला तर शेवाळ माजतं. शेवटी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. कागद घडी करून ठेवला. कालिंदीनं यातलं काहीही न लिहिता सहा वर्षं हे कसं चालवलं, मला समजत नाही.

एक गोष्ट मात्र लिहायची आहे. मी संघपालला म्हणालो, ही झाडं तुमच्याच दुकानातली, तुम्हीच सांगा काय करायचं. तो म्हणाला, नाही काका, माझ्याकडं हा माल कुठं. "काकू म्हणायच्या, जावयानं पाठवली. कुरियरनं, ओल्या पेपरात गुंडाळून. मी म्हणलं, काकू, लोकांचे जावई घेऊन जातेत, तुमचा पाठवितो."

मला हे माहीत नव्हतं. कुरियर यायचं ते मला आठवतं. कालिंदी ते घेऊन न्हाणीघरात जायची आणि दार लावून घ्यायची. मी कधी विचारलं नाही. जावई हा शब्द आमच्या घरात आजवर कोणी उच्चारला नाही, आणि तो गल्लीतल्या एका दुकानदाराला माहीत आहे.

येताना दोन्ही हातांत पिशव्या असल्यानं रिक्षात बसायला अवघड गेलं. खाद्य घेतलं होतं.

मासे ठीक आहेत.

बाबा


शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

नीरजा,

आज काही केलं नाही. सरूबाईंना परत पाठवलं. चहा दोनदा घेतला.

तुझा निरोप काल दुपारी आला. "धाकट्या एंजलचा खालचा पर फाटलेला होता. आईनं मला दहा फोटो पाठवले असतील त्याचे. या फोटोत दोघांचेही पर नवे आहेत. बाबा?" मी तो किती वेळा वाचला सांगत नाही. शेवटी नुसतं बाबा आणि प्रश्नचिन्ह आहे. त्याचं उत्तर देतो.

ते मासे मेले. अकराही. मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. फोटोतले मासे संघपालकडचे आहेत. चार फेब्रुवारीला जाऊन मी पट्ट्यांचे नऊ आणले, एंजल त्याच्याकडे दोनच होते तेही आणले, आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढला. त्या पत्रातलं दुकानातलं बोलणं चार तारखेचंच. सहा तारखेला परत गेलो तेव्हा पिशव्यांत गवताच्या नव्या जुड्या होत्या, टाकी रिकामी दिसू नये म्हणून. खाद्याची एक लहान डबी होती, पण तिला पिशवी लागत नाही. संघपाल म्हणाला होता, कोणाला कळणार नाही काका. त्याला वाटलं, मी नातवंडांसाठी करतो आहे. मी दुरुस्त केलं नाही.

कसं झालं ते सांगतो. त्यात माझी चूक नेमकी कुठे सुरू होते ते मला अजून कळलेलं नाही. तुला कळलं तर तू धर.

कालिंदी बैठकीत गेली, खाटेवर, टाकीच्या शेजारी. लासूर स्टेशनहून माझी थोरली बहीण आक्का आली होती. जिथं जीव गेला तिथं तेरा दिवस दिवा तेवत ठेवायचा आणि तो विझू द्यायचा नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. बैठकीचं दार सारखं उघडायचं, लोक भेटायला यायचे. तू गेल्याच्या दिवशी समई दोनदा विझली. दुसऱ्यांदा विझली तेव्हा आक्का सगळ्यांसमोर मला बोलली. "व्यंकट, तुझ्याच्यानं जित्या माणसाचं झालं नाही, निदान आता तरी कर." मी उठलो आणि टाकीचा दिवा लावला. म्हणालो, हा विझणार नाही, याला इन्व्हर्टर आहे. मला वाटलं, ती आणखी चिडेल. तिनं टाकीकडे पाहिलं. मग गेलेल्या जिवाची खूण ज्यात उमटते म्हणतात ते समईसमोरचं पिठाचं ताट उचलून तिनं टाकीसमोर ठेवलं.

तेव्हापासून तो दिवा अखंड चालू होता. कोणी त्याला हात लावला नाही. येणारा माणूस टाकीला नमस्कार करून बसायचा. एका सकाळी पिठात बारीक ओली रेघ उमटलेली दिसली, वेलीसारखी वळलेली. आक्कानं सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांनी हात जोडले, आक्का रडली. ती गोगलगाय होती. काचेवरून चढून ताटात पडली असणार. मला ती ताटामागे दिसलीसुद्धा. मी तिला उचलून पाण्यात सोडलं आणि काही बोललो नाही.

हवेचा पंप मीच बंद केला होता. पोथी वाचायला गुरुजी यायचे, त्यांना त्या बुडबुड आवाजानं त्रास व्हायचा. खरं सांगायचं तर मलाही व्हायचा. शेवटच्या दोन दिवसांत कालिंदीचा श्वास तसाच वाजत होता.

त्या दिवसांत पाणी हिरवं होत गेलं. मला वाटलं, झाडं वाढताहेत, चांगलं आहे. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले. संध्याकाळी आक्कानं सांगितलं, आता दिवा शांत कर. मी बटण बंद केलं आणि हात जोडले. पंप पुन्हा सुरू करायचा आहे, हे मनातही आलं नाही. सकाळी सरूबाईंनी हाक मारली, "काका, मासे वर तोंड करून ऱ्हायलेत बघा." मी आलो तोवर दोघेच हलत होते. नंतर तेही थांबले. त्यातला एक फाटक्या पराचा होता.

सरूबाई म्हणाल्या, बाईमागं गेले ते, तुम्ही नका लावून घेऊ. काही दिवस मी ते धरून बसलो. सोयीचं होतं. मग चार तारखेला संघपालला विचारलं. तो म्हणाला, उजेडात झाडं हवा देतेत, अंधारात तीच घेतेत, आणि हिरवं पाणी तर लई घेतं. अखंड उजेड होता तोवर मासे तगले. पंप चालू असता तर नंतरही निभावलं असतं.

म्हणजे दिवा लावल्यानं पाणी बिघडलं, आणि दिवा विझवल्यानं मासे मेले. मी काय करायला हवं होतं? पंप लावायला हवा होता, हे समजतं. ते एवढं सोपं आहे म्हणूनच मला त्यातून बाहेर येता येत नाही. टाकीत तिचं जिवंत असं काही उरलं असेल तर ज्यांच्याबद्दल मी सहा वर्षं कुरकुर केली त्या गोगलगायी, आणि वाळूतली मुळं. ती तू सांगितलंस तशी ठेवली आहेत. जिवंत आहेत की नाहीत मला ओळखता येत नाही.

नेण्यासारखं काही राहिलं नाही. तू मेमध्ये आली नाहीस तर मी समजेन. पण मी ते आधी लपवलं ते याच कारणासाठी, की तू येणार नाहीस.

बाबा


रविवार, २ मार्च २०२५

श्री. सम्यक यांस,

आज नवव्या दिवशी पाणी आलं. ड्रम भरले, गच्चीवरची टाकी भरली. माशांच्या टाकीतलं एक बादली पाणी काढून कुंड्यांतल्या झाडांना घातलं आणि तेवढंच नवं, मुरवून ठेवलेलं पाणी आत सोडलं. सकाळ त्यातच गेली.

हे पत्र नीरजाला नसून तुम्हाला आहे. गुरुवारी तिचा फोन आला होता तेव्हा तुम्ही शेजारी होतात, त्यामुळे बरंचसं तुम्ही ऐकलं असेल. तिनं पत्र मिळाल्याचं सांगितलं. मग विचारलं, आक्काआत्यानं खरंच टाकीसमोर पिठाचं ताट ठेवलं? मी हो म्हणालो. आणि त्या गोगलगायीला सगळ्यांनी नमस्कार केला? मी हो म्हणालो. ती हसायला लागली. ते हसणं पुढे हसणं राहिलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही आधी सांगितलं असतं ना बाबा, तर मी नीट रागावले असते. आता मला रागावताही येत नाही आणि नाही असंही होत नाही." आणि तिनं फोन तुमच्याकडे दिला.

तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तुम्ही विचारलंत, "तिकडं पाणी आता कितव्या दिवशी येतं?" मी म्हणालो, आठव्या, कधी नवव्या. मग आपण बोअरच्या पाण्याच्या क्षारांबद्दल बोललो. झाडं का पाठवली ते तुम्ही सांगितलंत. आई म्हणाल्या होत्या की प्यायला पाणी पुरत नाही, टाकीचं कुठून बदलू, म्हणून पाठवली, दाट झाडं असली की पाणी कमी बदलावं लागतं. तुम्ही तिला आई म्हणता, हेही मला तेव्हा कळलं.

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की इतक्या वेळात मी तुम्हाला तू म्हणालो नाही, तुम्हीही म्हणालो नाही. "झाडं तिकडं कुठं मिळतात?" "जेवण झालं असेल." सगळी वाक्यं अशीच केली. ठरवून नाही केली, आपोआप होत गेलं. आणि तुम्हीही मला एकदाही हाक मारली नाहीत. काका नाही, बाबा नाही. चार मिनिटं आपण दोघं एकमेकांना टाळून एकमेकांशी बोललो. मला याची सवय आहे. तुम्हाला ती माझ्यामुळे लागली.

आमच्याकडे जावयाला अहोजाहो करतात, तो वयानं कितीही लहान असो. म्हणून मी तुम्ही लिहितो आहे. चुकत असेल तर सांगा.

तुमच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला मी आलो नाही. ते कोणी तुम्हाला कसं सांगितलं मला माहीत नाही. मी तयार झालो होतो. शर्ट घातला होता, बूट घातले होते. कालिंदी रिक्षा बोलावून खाली उभी होती. मी जिन्यात बसलो. तिनं दोनदा हाक मारली आणि मग ती एकटी गेली. मी लोकांना पित्त झालं असं सांगितलं. जातीमुळे आलो नाही असं लोकांनी धरलं, आणि ते कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तेवढंच असतं तर मी बूट घातले नसते. मी नाही म्हणालो नाही आणि हो म्हणालो नाही, आणि सहा वर्षं ते तसंच राहिलं. कालिंदीला यातलं काय आवडलं नाही ते तिनं मला एकदाही स्पष्ट सांगितलं नाही. न्हाणीघराचं दार मात्र लावून घ्यायची.

माझं चुकलं. हे नीरजालाही लिहायचं आहे. तुम्हाला आधी लिहिणं बरोबर वाटलं. का, ते नीट सांगता येणार नाही.

मे महिन्यात तुम्ही दोघं या. नीरजा येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही. याचा अर्थ मला लागत नाही. तिला माझ्या वतीनं काही विचारू नका. नेण्यासाठी या असं मी म्हणत नाही, कारण तिच्या आईच्या माशांपैकी आता एकही नाही. नवे अकरा आहेत. मी ते फसवण्यासाठी आणले होते, पण त्यात त्यांची काही चूक नाही, रोज खायला घालतो. पंप चालू असतो. मोनालीकडे उतरायची गरज नाही. आतली खोली मोकळी आहे, तिथं दुपारी ऊन येतं म्हणून पडदा लावून घेईन. तुम्ही चहा घेता की कॉफी, तिखट चालतं की नाही, मला काहीच माहीत नाही. हे कालिंदीला माहीत असणार. कळवलंत तर बरं होईल.

व्यंकटराव

ता.क. डिंकाची बाटली वाळून गेली आहे. दुपारचा भात थोडा उरला आहे. त्याची दोन शितं लावून पाकीट चिकटवतो आहे. उघडताना वरून फाडा.